भरल्या पोटीची उपासमार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे आणि बाराखडी घोकून घेण्यात गेली. या व्यासपीठावरून आजवर गुणवंतांची कौतुके झाली, शिष्यवृत्तीच्या निधीची चर्चा झाली, विवाहातील खर्च कमी करण्याचे ठराव झाले. अशा ठिकाणी गुराढोरांच्या वैरणीविषयी बोलणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल, हे आम्ही जाणून आहोत.

परंतु आपल्यापैकी ज्यांची बिऱ्हाडे आज मुंबई-पुण्यास आहेत, त्यांच्याही गावच्या घरी एखादा भाऊ, एखादा चुलता दावणीला दोन-चार जनावरे बांधून आहे. माघ सरला की त्याचा निरोप येतो, 'वैरण सरत आली, काही पाठवा.' आपण पैसे पाठवितो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो. त्या पैशाची वैरणच घ्यावी की आणखी काही घ्यावे, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. विषय लहान आहे. पण त्यापायी आमच्या घरातील दोन जनावरे गेली, आणि त्यांतील एक तर आमच्याच हातून गेले. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आमच्याकडे आहे असे आम्ही समजतो.

बैल कशाने मेला?

१९७२ सालच्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमचे गाव माणदेशातले. वडील खडी फोडण्याच्या कामावर जात. कामावर मिळणारी सुकडी आम्ही भावंडे वाटून खात असू. दावणीला खिल्लार बैलांची जोडी होती. माणसांनी अर्धपोटी राहावे, पण बैल जगला पाहिजे, असा त्या वेळचा दंडक होता. वडिलांनी कर्ज काढून दूरच्या डोंगरातून गवताच्या पेंढ्या आणविल्या. गवत पुष्कळ होते. मात्र ते पिकून, वाळून, काडी झालेले होते. त्यांत कुसळीच अधिक.

प्रथम काही आठवडे बैलांनी ते खाल्ले. पुढे एक बैल खाता खाता तोंड फिरवू लागला. त्याच्या बरगड्या मोजता याव्यात इतक्या वर आल्या. पोट मात्र गोल गरगरीत दिसे. शेजारी म्हणत, 'पोट तर भरलेले दिसते, मग काळजी कसली?' चैत्रात तो बैल बसला तो उठलाच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून पाहिले, तेव्हा आत वाळलेले गवत दाबून भरलेले निघाले. वडील एवढेच म्हणाले, "गवत होतं, पाणी होतं, तरी बैल गेला. माझं कमी काय पडलं?"

या प्रश्नाचे उत्तर वडिलांच्या हयातीत आम्हांस देता आले नाही. पुढे शाळेत नोकरी लागली, चार पुस्तके वाचनात आली, पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी स्नेह जुळला, तेव्हा त्याचा उलगडा झाला.

गाय गवत खाते, पण पचविते कोण?

गाय, बैल, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. यांच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यांतील पहिला, सर्वांत मोठा, तो कोठीपोट. गवताची काडी ज्या कठीण द्रव्याची बनलेली असते, ते पचविण्याची शक्ती गाईच्या स्वतःच्या अंगी नाही. ते काम कोठीपोटात वस्तीला असलेले, डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव करतात. ते गवत कुजवितात. त्या कुजण्यातून जी सौम्य आम्ले निघतात, त्यांवर गाईच्या शरीराचा बहुतेक सारा कारभार चालतो. शिवाय हेच जीव पुढच्या कप्प्यात व आतड्यात वाहून गेले म्हणजे तेथे ते स्वतः पचतात आणि गाईला प्रथिने मिळतात. गाय गवतावर दूध कसे देते, हे कोडे याने सुटते.

आता या सूक्ष्म जीवांना आपण खळ्यावरचे मजूर समजू. खळ्यावर कणसांचा ढीग पडला आहे. पण मजुरांना दुपारची भाकरी नाही. काम होईल काय? ढीग तसाच राहील आणि धन्याच्या घरात दाणा येणार नाही. या मजुरांची भाकरी म्हणजे नत्र. वैरणीतील प्रथिनांतून ते त्यांना मिळते. पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतात ते पुरेसे असते. पण आपल्याकडील उष्ण प्रदेशातील गवते झपाट्याने वाढतात, झपाट्याने पिकतात, आणि दाणा गळून काडी वाळली म्हणजे त्यांत प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के उरतात. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, गव्हाचे काड यांचीही गत हीच.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड नावाचा प्रांत आहे. तेथेही आपल्यासारखाच सहा-आठ महिन्यांचा कोरडा काळ आणि वाळलेले गवत. तेथील संशोधकांनी १९६० च्या दशकात उष्ण प्रदेशातील गवते मेंढ्यांना खाऊ घालून पाहिली. गवतातील प्रथिनांचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेले की जनावर खाणेच कमी करते, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. मजूर उपाशी, म्हणून काम मंद. काम मंद, म्हणून कोठी रिकामी होत नाही. कोठी रिकामी होत नाही, म्हणून जनावर आणखी खाऊ शकत नाही. पोट भरलेले आणि जनावर उपाशी! आमच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. बैलाला गवत कमी पडले नव्हते. गवत पचविणाऱ्यांची भाकरी कमी पडली होती.

यातून जी गोष्ट निघते, ती कृपा करून ध्यानात ठेवावी. वाळल्या वैरणीला थोडी जोड दिली, तर जनावर तीच वैरण अधिक खाते आणि अधिक पचविते. म्हणून हजार रुपये पाठवावयाचे असतील, तर सर्वांचा कडबा न घेता त्यांतील थोड्यांची जोड घ्यावी. म्हणजे घरी असलेला कडबाही कारणी लागेल.

फळ्यावरचे गणित

आम्ही पडलो शिक्षक. गणिताशिवाय आमचे समाधान होत नाही. तीनशे किलो वजनाची एक गावठी गाय घेऊ. तिला दिवसाला सुमारे सहा किलो वाळली वैरण लागते. कडब्यात प्रथिने साडेतीन टक्के धरली, तर सहा किलोंतून २१० ग्रॅम प्रथिने आली. सात टक्क्यांची मर्यादा गाठावयाची तर ४२० ग्रॅम हवीत. म्हणजे तूट २१० ग्रॅमची.

ही तूट कशाने भरेल? सरकीची पेंड घेतली, तर तिच्यात साधारण वीस-बावीस टक्के प्रथिने. सुमारे एक किलो पुरे. शेंगदाण्याच्या पेंडीत चाळीस टक्क्यांच्या वर. तिची अर्धा किलो पुरे. मात्र बुरशी आलेली पेंड फुकट मिळाली तरी गोठ्यात आणू नये. तिच्यात विष असते आणि ते दुधातही उतरते. विहिरीला थोडे पाणी असेल आणि एखादा वाफा लसूणघासाचा असेल, तर पाच किलो हिरव्या लसूणघासाने हीच तूट बहुतेक भरते. बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ असेल, तर त्याचा पाला किलोभर वाळवून दिला तरी तेच काम होते, आणि त्याला पैसा लागत नाही. सुबाभळीत मायमोसिन नावाचे एक द्रव्य असते. त्याचा अतिरेक झाल्यास जनावराचे केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुबाभूळ घालू नये.

ही जोड गाईच्या केवळ जगण्यापुरती आहे. दुधासाठी वेगळे खाद्य द्यावे लागते, हे सांगणे नलगे. तसेच जोड म्हणजे ज्वारी-मक्याचा भरडा नव्हे. भरडा पुष्कळ दिला की जनावर वैरण सोडून भरड्यालाच लागते आणि कोठीपोटातील काडी पचविणाऱ्या जीवांचे काम उलट मंदावते. बेंदराच्या किंवा वसुबारसेच्या दिवशी आपण भक्तिभावाने गाई-बैलांस पुरणपोळ्या चारतो. एक घास अवश्य द्यावा. पण घरोघरच्या पोळ्या एकाच बैलाच्या पोटात गेल्या, तर पोटात आम्ल माजून तो रात्रीत आडवा होतो. ज्याला सणाच्या दिवशी पुजले, त्याला चैत्रात अर्धा किलो पेंड द्यावी, ही पूजा अधिक खरी, असे आमचे नम्र मत आहे.

कित्येकांची अशी समजूत आहे की कडबाकुट्टीचे यंत्र घेतले म्हणजे सर्व काम झाले. कुट्टीने नासाडी थांबते, जनावर निवडून टाकू शकत नाही, हे खरे. पण बारीक केल्याने कडब्यातील प्रथिने वाढत नाहीत. गवताच्या बाबतीत मात्र एक उपाय बिनखर्ची आहे. आपल्याकडे दिवाळी उलटून गवत पिवळे पडले म्हणजे विळा लावण्याची रीत आहे. तेच गवत फुलोऱ्यावर असताना, कुसळ धरण्यापूर्वी कापून वाळविले, तर वजन काहीसे कमी भरेल, पण कस जवळजवळ दुप्पट राहील.

आमच्या हातून घडलेला अपराध

आता जे सांगावयाचे ते सांगताना आजही आमची मान खाली जाते.

नत्र स्वस्तात मिळण्याचे एक साधन युरिया. शेतात टाकतो तोच. त्यात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे शंभर ग्रॅम युरियातील नत्रापासून कोठीपोटातील जीव हिशेबाने पावणेतीनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने तयार करू शकतात. पेंडीच्या मानाने खर्च नगण्य. हे आम्ही एका पुस्तिकेत वाचले आणि हुरळून गेलो.

२००३ सालचा उन्हाळा होता. आमच्या भागात पाऊस नव्हता. गावी धाकटे बंधू शेती पाहत. आम्ही शनिवारी गावी गेलो आणि मोठ्या आढ्यतेने त्यांस म्हणालो, "पेंड परवडत नाही ना? मग हे पाहा." घमेल्यात पाणी घेतले, युरिया मुठीने टाकला, काठीने ढवळला आणि ते पाणी कडब्यावर शिंपडले. वजन केले नाही. युरिया विरघळताना पाणी गार पडते आणि शेवटचे खडे लवकर विरघळत नाहीत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते तळाशी तसेच राहिले. घमेले आम्ही दावणीजवळ ठेवले आणि हात धुवावयास गेलो. हरणी नावाची आमची गाय, सहा महिन्यांची गाभण, सकाळपासून उपाशी. तिने मान लांबवून घमेल्याचा तळ चाटला.

अर्ध्या तासात ती थरथरू लागली. तोंडातून फेस आला, पोट फुगले. तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत सर्व संपले होते. डॉक्टरांनी घमेले पाहिले आणि आमच्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. बंधूही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र म्हणाले, "दादा, चूक तुमची नाही. घमेलं मी उचलायला हवं होतं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर आम्हांस इतके लागले नसते.

गाय गेली ती गेली. पण नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. 'मास्तरांच्या औषधाने गाय मेली' अशी वार्ता वाडी-वस्तीवर पसरली. पुढे कित्येक वर्षे, युरियाच नव्हे, डॉक्टरांनी सांगितलेले खनिज मिश्रणदेखील आमच्या भावकीत कोणी घेईना. जी विद्या नीट सांगितली असती तर दहा घरांचा फायदा झाला असता, ती आमच्या उतावळेपणाने दहा घरांतून हद्दपार झाली. अर्धवट ज्ञान देणारा माणूस अडाण्याहून अधिक घातक, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या दिवशी ते आमच्या अनुभवास आले.

मग युरिया वाईट काय?

नाही. विळ्याने हात कापला म्हणून विळा वाईट ठरत नाही. पण तो कसा धरावा हे शिकावे लागते. त्याचे नियम आम्ही पुढे डॉक्टरांकडून उतरवून घेतले, ते येणेप्रमाणे :

युरिया कोरडा, मुठीने किंवा पिण्याच्या पाण्यातून कधीही देऊ नये. उपाशी जनावरास देऊ नये. सहा महिन्यांखालील वासरास देऊ नये, कारण त्याचे कोठीपोट तयार झालेले नसते. दिवसाच्या एकूण वाळल्या खाद्याच्या एक टक्क्याच्या वर, म्हणजे सहा किलो खाणाऱ्या गाईस साठ ग्रॅमच्या वर, कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. आणि तेवढ्यापर्यंतही दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढावे. सोबत मळीसारखे गोड, शक्ती देणारे काही हवेच. कारण युरियातून निघणारा अमोनिया वापरण्यास त्या सूक्ष्म जीवांना शक्तीही लागते. ती नसेल तर तोच अमोनिया रक्तात जाऊन विष होतो. चुकून अधिक गेलेच, तर तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. भरपूर गार पाणी व व्हिनेगार पाजणे हा त्यावरचा उपचार आहे, पण तो त्यांच्या देखरेखीखाली व्हावा.

याहून निर्धोक अशा दोन रीती आहेत. एक, पेंढा मुरविण्याची. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड शंभर किलो घ्यावे. चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, एकही खडा राहिला नाही अशी खात्री करून, थराथरावर सारखा शिंपडावा. थर पायांनी दाबावेत आणि वरून प्लास्टिकचा कागद हवाबंद करून तीन आठवडे झाकून ठेवावे. त्या काळात युरियाचा अमोनिया होतो, काडी मऊ पडते, आणि प्रथिनांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत येते. काढल्यावर तासभर पसरून उग्र वास जाऊ द्यावा आणि मग थोडा थोडा करून सवय लावावी.

दुसरी रीत चाटण विटेची. मळी, खनिजे, मीठ, कोंडा किंवा पेंड आणि सुमारे दहा टक्के युरिया यांची कठीण वीट करून ती दावणीत ठेवतात. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० च्या दशकात आपल्या देशात तिचा प्रसार केला. जनावर ती चाटते, चावू शकत नाही. त्यामुळे युरिया थेंबाथेंबाने पोटात जातो. तिचे मर्म तिच्या कठीणपणात आहे. पावसात भिजलेली, फुटलेली किंवा मऊ पडलेली वीट दावणीतून काढून टाकावी. अशी वीट आमच्या गोठ्यात असती, तर हरणी वाचली असती.

हाडे चघळणारी गाय

माळावर चरणारी गाय कधी कधी हाड चघळताना, माती चाटताना, वाळत घातलेले धुणे खाताना दिसते. आपण तिला खोडकर म्हणतो आणि काठी मारतो. वास्तविक ती आपले गाऱ्हाणे सांगत असते. तिच्या खाद्यात स्फुरद कमी पडलेले असते.

याविषयीची एक हकीकत मोठी उद्बोधक आहे. दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या कुरणांवर गुरे लुळी पडून मरत. तेथील नामांकित पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास त्याचा छडा लावला. तेथील गवतात स्फुरद कमी, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळत. त्या सडक्या हाडांतील जंतूंचे विष पोटात जाई आणि ती मरत. गुरांना स्वच्छ हाडांचे पीठ देताच त्यांची हाडे चघळण्याची ओढ गेली आणि मरणेही थांबले. रोग जंतूंचा, पण मूळ मात्र गवताच्या निःसत्त्वपणात!

आज हाडांचे पीठ देण्याची गरज नाही आणि ते देऊही नये. तयार खनिज मिश्रण मिळते. मोठ्या गाईस रोज पन्नास ग्रॅम, कालवडीस पंचवीस ग्रॅम, आणि त्यासोबत चिमूटभर नव्हे, तर तीस ग्रॅमपर्यंत मीठ. ज्या भागात दुष्काळात उसाचे वाढे चारतात, तेथे याची अधिकच आवश्यकता. कारण वाढ्यांतील ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातील चुना बांधून टाकते. खनिज मिश्रणाने जनावर एका दिवसात लठ्ठ होत नाही. म्हणूनच पुष्कळ लोक आठवडाभराने ते बंद करतात. त्याचा गुण गाय वेळेवर माजावर येते की नाही, यात दिसतो.

भावजयीची वही

आमचे बंधू पुन्हा या वाटेला वळले, त्याचे श्रेय आमच्याकडे नाही. ते आमच्या धाकट्या भावजयीकडे आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात गावोगाव छावण्या उघडल्या. आमची दोन जनावरे छावणीत होती आणि तिसरी, एक भाकड गाभण गाय, घरी. भावजय एके दिवशी म्हणाली, "दादा, तुम्ही तेव्हा सांगितलं ते खोटं नव्हतं, मोजलं नव्हतं, एवढंच. आता मी मोजते." तिने किराणा दुकानातून जुना तराजू आणला. शाळेच्या एका कोऱ्या वहीत रोज कडबा किती, पेंड किती, मिश्रण किती हे लिहू लागली. युरियाला तिने हात लावला नाही. बंधूंच्या मनाचा मान राखला. पेंड, शेवरीचा वाळला पाला आणि खनिज मिश्रण, एवढ्यावरच भागविले.

तिने आणखी एक गोष्ट केली. ती आम्हांस कोणत्याही पुस्तकाने इतक्या स्पष्टपणे शिकविली नव्हती. आपल्या घरोघरी पेंड कोणाला मिळते? जी दूध देते तिला. भाकड गाईपुढे आणि कालवडीपुढे उरलेसुरले बुडखे. पण गाभण गाईच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पोटातील वासरू सर्वांत झपाट्याने वाढते आणि तेव्हाच तिच्यापुढे नुसता कडबा पडतो. मग वासरू अशक्त निपजते, आणि व्यायल्यावर गाय वर्षभर माजावर येत नाही. कालवडीची वाढ खुंटली म्हणजे तिला पहिले वासरू होण्यास चार-चार वर्षे लागतात. कारण ती माजावर येते ती वयापेक्षा वजनाच्या हिशेबाने. भावजयीने घरच्या गाभण गाईला तिचा वाटा काढून ठेवला. ती गाय त्या दुष्काळात व्याली, वासरू जगले, आणि चौथ्या महिन्यात ती पुन्हा गाभण राहिली. आमच्या गोठ्यात असे पूर्वी झाल्याचे बंधूंस आठवत नाही.

पुढे दोन वर्षांनी बंधूंनी स्वतः डॉक्टरांना बोलावून, भावजयीकडून चार किलो युरिया तोलून घेऊन, पहिला पेंढा मुरविला. घमेले त्यांनी तीन वेळा धुतले आणि उपडे घातले. आम्ही बाजूला उभे होतो. त्यांनी आम्हांस काठीला हात लावू दिला नाही, आणि तेच योग्य होते.

एक विनंती

भगिनींनो, गोठ्यातील शेण, पाणी, वैरण आजही बहुतांशी आपल्याच हातांत आहे. म्हणून हे बोलणे विशेषेकरून आपल्यासाठी आहे. सल्ला मात्र पुरुषांना मिळतो, हे उलटे आहे. आणि शहरातील बांधवांनो, आपण पुढल्या माघात पैसे पाठवाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : 'भाकड गाईला काय देता?' हा प्रश्न विचारणारा कोणी आहे, एवढे कळले तरी त्या गाईचे दिवस पालटतील.

शेवटी मंडळाच्या चरणी एक याचना. यंदा वयोवृद्ध शिक्षकांचा सत्कार करण्याचे मंडळाने योजिले आहे आणि त्यांत आमचेही नाव आहे असे कळले. मंडळाचा आम्ही ऋणी आहोत. परंतु आमच्या वाट्याची शाल व श्रीफळ न देता त्या रकमेचा एक साधा वजनकाटा घ्यावा आणि तो आमच्या गावच्या ज्ञातिबांधवांच्या सामाईक उपयोगासाठी द्यावा. ज्या घरांनी 'मास्तरांच्या औषधाने गाय मेली' हे ऐकले होते, त्याच घरांत तो फिरावा. मुठीने केलेली चूक त्याने भरून निघणार नाही, हे आम्हांस कळते. पण पुढल्या कोणास मुठीवर विसंबावे लागणार नाही.